मदत हवी आहे: सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सखालचा अश्रूंचा थर ओसीटीवर कसा मोजायचा?

जळगाव. क्लिनिकमध्ये डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी (प्रकाशाने थरांचा छेद दाखवणारं मशीन) आहे, आत-बाहेरच्या दिशेतलं रिझोल्यूशन (दोन रेषा वेगळ्या दिसण्याची क्षमता) ५ मायक्रॉन. मे महिन्यात दुपारनंतर लेन्स आवळल्यासारखी वाटते म्हणणाऱ्यांच्या लेन्सखाली अश्रू किती उरतात ते बघायचंय. पण मधोमध कॅलिपर (स्क्रीनवरची मोजपट्टी) लावला की प्रत्येक डोळ्यात ५-६ मायक्रॉनच येतात, लेन्स कुठलीही असो. फ्लुरेसीन (चमकणारा रंग) टाकून बघू का?

उत्तर १
सगळ्या डोळ्यांत एकच आकडा येतो, म्हणजे तो मशीनचा आकडा आहे. इंटरफेरोमेट्रीने (प्रकाशलहरींच्या मिसळण्यावरून जाडी मोजायची पद्धत) हा थर मधोमध साधारण २-३ मायक्रॉन भरतो. लेन्सची मागची बाजू आणि कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) यांच्या दोन रेषा तुमच्या मशीनवर एकमेकींत मिसळतात, आणि तुम्ही त्या मिसळलेल्या रेषेची जाडी मोजताय.

शिवाय तिथलं परावर्तन फार क्षीण असतं. अश्रूंचा अपवर्तनांक सुमारे १.३४, कॉर्नियाचा १.३८, या सीमेवरून जेमतेम ०.०२ टक्के प्रकाश परततो. लेन्सच्या पुढच्या, हवेकडच्या बाजूवरून २ ते ३ टक्के. त्या झगमगाटाची उभी पट्टी टाळायला स्कॅन मध्यापासून १ मिमी बाजूला घ्या. त्याने चित्र सुधारेल, रिझोल्यूशन नाही.

फ्लुरेसीन नको. सॉफ्ट लेन्स ते शोषून घेते, मग चमक अश्रूंची की लेन्सची ते कळत नाही, आणि लेन्सही वाया जाते.

प्रश्नकर्ता
मग एकूण जाडीतून लेन्स आणि कॉर्निया वजा केले तर?

उत्तर १
नको. लेन्स १०० मायक्रॉनच्या आसपास, कॉर्निया ५०० च्या पुढे. त्यांच्या मोजणीतली चूकच या थरापेक्षा मोठी निघेल. त्यात लेन्स डोळ्यावर सुकून पातळ होते, म्हणजे डबीवरची जाडी धरता येत नाही.

उत्तर २
धुळ्याहून. मधल्या आकड्याचा नाद सोडा, लिंबसपाशी (कॉर्नियाची कड, जिथे पांढरा भाग सुरू होतो) बघा. तिथे फट मोठी असते, ५ मायक्रॉनच्या मशीनवरही पकडता येते. लेन्स घातल्यावर २०-३० मिनिटं थांबा, कारण घालताना वाटीतलं सलाइन आत अडकलेलं असतं. मग चारही दिशांना स्कॅन घ्या आणि त्याच पेशंटचा दुपारी ४ चा स्कॅन शेजारी ठेवा. खोलीचं तापमान आणि आर्द्रता दोन्ही वेळा लिहून ठेवा. कूलरची हवा पेशंटच्या तोंडावर नको.

जोडीला स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायचा सूक्ष्मदर्शक) पुश-अप टेस्ट कराच. खालच्या पापणीने लेन्स वर ढकला: अडखळत सरकली आणि सावकाश परतली, तर ती आवळलेली आहे. पापणी मिटून उघडल्यावर ०.२ ते ०.४ मिमी हालचाल ठीक. आवळली असेल तर बेस कर्व्ह (लेन्सच्या मागच्या बाजूची वक्रता) चपटा घेऊन पुन्हा हेच दोन स्कॅन.