दाबोळी टॉवरचे कॉलसाइन: लॉगिनला एक, बोलताना दुसरे?

प्रश्न (म्हापसा): व्हॅटसिमवर (आभासी विमानवाहतुकीच्या ऑनलाइन जाळ्यावर) दाबोळी विमानतळाचा टॉवर सांभाळताना लॉगिनला ‘व्हीओजीओ_टीडब्ल्यूआर’ हे कॉलसाइन, म्हणजे ओळखनाव, लिहावे लागते, मग बोलतानाही तीच अक्षरे उच्चारावीत काय? शिवाय पाळी बदलताना आधीचा नियंत्रक जोडलेलाच असेल, तर कॉलसाइन कोणते घ्यावे?

उत्तर (फोंडा): ती अक्षरे यंत्रणेसाठी असतात, वैमानिकाला ‘गोवा टॉवर’ असेच ऐकू यावे. मोपा विमानतळाचा संकेत व्हीओजीए असल्यामुळे लॉगिनला शेवटचे अक्षर चुकले, तर तुम्ही थेट पेडण्यात पोहोचाल, एवढे सांभाळा.

उत्तर (मडगाव): पाळी घेताना मध्ये दुहेरी अंडरस्कोर (‘व्हीओजीओ__टीडब्ल्यूआर’) घालून जोडून घ्यावे. आणखी एक, ‘धावपट्टी 26 बाहेर थांबा’ ही सूचना वैमानिकाने स्वतःच्या कॉलसाइनसह परत म्हटलीच पाहिजे. नुसत्या ‘रॉजर’वर (‘संदेश मिळाला’) त्याला सोडू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आज रात्री तसेच करतो.