लहान मुलांना घेऊन स्कीला : सीमाभागातल्या घरांचे अनुभव

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या घरांत हा विषय निघतोच : यंदा पोरांना बर्फ दाखवायचा का? अलीकडे त्याच्यापुढचा प्रश्नही येतो. नुसता दाखवून आणायचा, की पायाला स्कीसुद्धा बांधू द्यायची? ट्रॅव्हल्सवाले सांगतात ते मोठ्यांच्या हिशेबानं सांगतात. पाच-सहा वर्षांचं पोर बरोबर असेल तर काय लागतं, हे ज्यांनी केलंय त्यांनीच सांगायला हवं, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडते, म्हणजे कुणाला वाद घालायचा तर घालता येईल. लहान मुलांच्या सहलीत स्कीला सकाळचे दोन तास द्यावेत आणि उरलेला दिवस मुलांच्या हातात सोडावा. दिवसभराचं पॅकेज घेऊन पैसे वसूल करायला गेलं की दुपारनंतर मूल रडतं आणि आई-बाप एकमेकांवर चिडतात.

दुसरी अडचण आपल्याकडच्या शाळांची. कर्नाटकात मोठ्या सुट्ट्या दसऱ्याला आणि एप्रिल-मेमध्ये. चांगला बर्फ असतो जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे शाळा बुडवावीच लागते. पहिली-दुसरीपर्यंत हे जमून जातं, बाईंना आधी सांगून ठेवलं की झालं. २६ जानेवारीची जोडसुट्टी बऱ्याच जणांच्या मनात येते, पण त्या आठवड्यात श्रीनगरला बंदोबस्त कडक असतो, आणि कवायतीत नाव लागलेलं पोर घरातून हलत नाही.

लिहिताना ठिकाण, महिना आणि मुलांची वयं जरूर सांगा.

टिळकवाडी, बेळगाव. मुलगा नऊ, मुलगी सहा वर्षांची. गुलमर्ग, फेब्रुवारी.

आम्ही सांबऱ्याच्या विमानतळावरून दिल्ली, तिथं मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी श्रीनगर असं केलं. त्या दिवसांत दिल्लीला धुकं आणि श्रीनगरला बर्फ, दोन्हींपायी विमानं रखडतात. लहान मुलांना घेऊन विमानतळावर रात्र काढण्यापेक्षा मुक्काम परवडतो. परतीलाही एक दिवस मोकळा ठेवा. श्रीनगरची एक रात्र तर चुकवूच नका. बेळगाव साडेसातशे मीटरवर, श्रीनगर सोळाशेच्या आसपास आणि गुलमर्ग २,६५० वर. मधे एक पायरी मिळाली की अंगाला सोसतं.

श्रीनगर ते गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, पण खरा प्रश्न टंगमर्गपासून वरच्या घाटाचा. ताजा बर्फ पडला असेल तर खालची गाडी टंगमर्गलाच थांबते आणि साखळ्या लावलेली तिथली गाडी करावी लागते. भाव बसायच्या आधी ठरवा. सामान इकडून तिकडे हलवताना मुलं थंडीत उभी राहतात, म्हणून त्यांचे कोरडे मोजे, टोप्या, खाऊ आणि पाण्याचा थर्मास वेगळ्या पिशवीत हाताशी हवा. फोनचंही सांगते : बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातला एक तरी नंबर पोस्टपेड असू द्या.

आता स्की. गुलमर्गचं नाव निघालं की सगळे गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या रोपवेचं बोलतात, पण शिकणाऱ्या मुलांना गोंडोला लागतच नाही. गोल्फचं मैदान हिवाळ्यात बर्फाखाली जातं, तिथले सौम्य उतार नवशिक्यांसाठी पुरेसे आहेत. दोन्ही मुलांना मिळून एकच शिकवणारा घेतला आणि फक्त सकाळचे तास ठरवले. पहिल्या तासात त्यानं उतारावर नेलंच नाही. बूट घालून चालणं, मुद्दाम कुशीवर पडणं, स्की आडवी करून उठणं, एवढंच. मला ते फार आवडलं, कारण पडायची भीती गेली की मूल उरलेलं स्वतःच शिकतं. मग पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून थांबायचं, ज्याला जगभर शिकवणारे पिझ्झाचा तुकडा म्हणतात. हातातल्या काठ्या पहिल्या दिवशी दिल्या नाहीत. काठ्या असल्या की मुलं त्यांच्यावर रेलतात आणि पायांवर तोल येत नाही.

भाड्याच्या सामानावर वेळ घालवा, इथं घाई नको. स्कीच्या बुटांचा नंबर पायाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतो, तेव्हा घरूनच मुलांचे पाय मोजून न्या. बूट घातल्यावर टाच उचलली जाते का ते बघा. मोजा एकच, लांब आणि बिनसुती. दोन मोजे घातले की घडी पडून पाय दुखतो आणि रक्त नीट फिरत नाही. थर्मलची पँट बुटात खोचायची नाही. स्कीची लांबी शिकणाऱ्या मुलाच्या हनुवटीपर्यंत किंवा त्याहून थोडी कमी. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड मुलाच्या वजनाप्रमाणे सैल करून घ्या, म्हणजे पडल्यावर स्की सुटते आणि गुडघा पिरगळत नाही. आम्हाला एका दुकानात मोठ्यांची पकड तशीच ठेवून दिली होती. नवऱ्यानं उभं राहून बदलून घेतली. हेल्मेट नसेल तर दुसरं दुकान.

गोंडोलानं पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे कोंगडोरीपर्यंत गेलो. दुसरा टप्पा अफरवतला जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. सहा वर्षांच्या मुलीला तिथं नेऊन काय मिळालं असतं? तिकिटं ऑनलाइन आधी काढावी लागतात, रांगेत मिळतील असं धरू नका.

जेवणाचं बेळगावकरांना सांगायला नको, पण सांगते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे या सहलीसाठीच केलेलं वाटावं असं खाणं आहे. खराब होत नाही, हातात धरून खाता येतं. हॉटेलात साधा भात मिळतो, त्यावर घरचं मेतकूट आणि तूप. मुलं पोटभर जेवली तरच अंगात ऊब राहते.

खानापूर तालुका. निवृत्त हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री. नातवंडं बरोबर होती.

माझी नोकरी काश्मिरात बरीच झाली. गुलमर्गला फौजेचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, १९४८ पासूनचं, तिथं जवानांना स्की शिकवतात. तिथलं कडक शिक्षण पोरांना लागू नाही, पण थंडीचे नियम तेच आहेत बघा.

सुती कापड अंगाला लावायचं नाही. बनियनसुद्धा नाही. पोरगं खेळताना घामेजतं, सुती बनियन भिजते आणि थांबल्यावर तीच अंगातली ऊब ओढून घेते. आत थर्मल, मधे लोकरी किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं जर्कीन. बोटांचे हातमोजे लहान्यांना नकोत, चारी बोटं एकत्र राहतात ते घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात. हातमोज्यांचा एक जोड भिजणारच, दुसरा खिशात ठेवा.

दर थोड्या वेळानं पोराचे कान, नाक, बोटं बघायची. कातडी पांढरट पडली किंवा पोर म्हणालं की बोट लागतच नाही, की तिथंच खेळ बंद. आत न्या, ओलं काढा, काखेत धरून ऊब द्या किंवा कोमट पाण्यात बुडवा. बर्फानं चोळायचं नाही आणि शेगडीसमोर धरायचं नाही. सुन्न कातडीला भाजलेलं कळत नाही. कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, तर लहान पोराच्या हातात देऊच नका. खोलीत बुखारी, म्हणजे तिकडची मोठी शेगडी, पेटवली असेल तर झोपताना विझवा आणि खिडकीला फट ठेवा, धुराचा वायू जिवावर बेततो.

आणि आखलेल्या उताराबाहेर एक पाऊल नको. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वेळा गुलमर्गला हिमस्खलनात परदेशी स्कीवाले गेले, ते नेहमीच्या वाटेबाहेरच होते. ताजा बर्फ खूप पडला की तिथले लोक सांगतात आज थांबा. ऐकायचं.

निपाणी. मुलगी पाच वर्षांची. सोलंग, जानेवारी.

आमचं बजेट विमानाचं नव्हतं. गोवा एक्सप्रेसनं बेळगावहून दिल्ली, दीड दिवस. मुलीला गाडीतच निम्मी सहल झाल्यासारखं वाटलं. दिल्लीहून मनालीची रात्रीची बस लहान मुलांना जड जाते, म्हणून आम्ही चंदीगडला थांबून दिवसा गेलो. घाटात ओकारी होते. रिकाम्या पोटी किंवा तुडुंब खाऊन बसवू नका.

मनालीहून सोलंग तेरा-चौदा किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना कोट-बूट भाड्यानं देणारी दुकानं आहेत. बूट आतून ओले नाहीत ना, हे हात घालून बघा. सोलंगला गर्दी फार, एजंट मागं लागतात आणि सगळं मिळून भाव सांगतात. आम्ही तासाप्रमाणेच बोललो आणि किती वेळ, कोणता उतार, बूट-स्की-हेल्मेट धरून किती, हे विचारून घेतलं.

मुलीनं स्की पायात घातली, पाच मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, काढा हे." काढून टाकली. पुढं तिनं बर्फाचा माणूस केला, त्याला माझा मफलर गुंडाळला आणि संध्याकाळपर्यंत त्याला सोडलं नाही. माझे मेहुणे म्हणत होते, एवढं लांब येऊन असं कसं, जबरदस्तीनं शिकव. मी म्हटलं, तिला बर्फ आवडला, हेच मला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच स्की मागितली आणि छान अर्धा तास घसरली. पाच वर्षांच्या पोराला पहिल्या दिवशी नाही म्हणायचा हक्क असू द्या, एवढंच माझं सांगणं.

सोलंगला बर्फ कमी असेल तर अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूला जाता येतं. नऊ किलोमीटरचा हा बोगदा २०२० मध्ये सुरू झाला. बोगद्याआधी आणि नंतर हवामान एकदम वेगळं असू शकतं. रस्ता चालू आहे का, ते सकाळीच विचारा.

चिकोडी. मुलं आठ आणि चार. गुलमर्ग, जानेवारी २०२४.

आमच्या वाट्याला बर्फच आला नाही. त्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, महिनाअखेरीस पडायला लागला. चिल्लई कलान म्हणतात तो कडक थंडीचा काळ २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा, पण थंडी आहे म्हणून बर्फ असेलच असं नाही. धाकट्यानं विचारलं, बर्फ कुठं हाय? काय सांगणार? आम्ही श्रीनगरला खाली येऊन शिकारा, केशराचा कहवा, लाकडी कोरीव कामाचे कारखाने असं केलं, मुलं रमली. तेव्हापासून माझं ठाम मत : फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा, हॉटेल असं घ्या की तारीख बदलता येईल, आणि मुलांना "बर्फ बघायला चाललोय" असं सांगू नका, "काश्मीरला चाललोय" असं सांगा.

कारवार. मुलगी दहा वर्षांची. औली.

शांतता हवी असेल तर उत्तराखंडातलं औली, जोशीमठच्या वर. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. पण ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटरवर, अख्खा दिवस घाटातून. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा औलीचा रोपवे बंद झाला, म्हणून निघण्याआधी वर जायची सोय काय आहे ते पक्कं करा. गढवाल मंडल विकास निगम स्कीचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स चालवतं. दहा-बारा वर्षांच्या, खरंच शिकायचं असलेल्या मुलांसाठी ते चांगलं. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मी इतका प्रवास करणार नाही.

शहापूर, बेळगाव. मुलं सात आणि तीन. दुबई.

दीर दुबईत असतात, म्हणून जमलं. मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई २००५ पासून आहे. आत शून्याखाली तापमान, जर्कीन-पँट-बूट तिकिटातच मिळतात. उंचीचा त्रास नाही, रस्ता बंद होत नाही, दोन तासांत बाहेर येऊन गरम जेवण. डोंगराची मजा नाही, ते खरं. पण तीन वर्षांच्या मुलाला घसरगाडीवर बसवून ओढत नेलं, त्याला पेंग्विन दिसले, तो खूश. थोरल्याला स्की आवडते का, हे इथं कळलं. आता काश्मीरचा विचार करायला आम्हाला धीर आलाय.

बेळगाव. बालरोगतज्ज्ञ, स्वतःची दोन मुलं.

दवाखान्यात हिवाळ्याआधी आई-बाप विचारतात, तेच इथं लिहिते. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. मोठं माणूस डोकं दुखतं म्हणतं. लहान मूल किरकिरतं, जेवत नाही, ओकतं, नीट झोपत नाही. हे थकव्यानं असेल असं समजून आणखी वर नेऊ नका. पहिला दिवस शांत ठेवा, पाणी पाजत राहा. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय, रात्र उलटायची वाट बघायची नाही. गोळ्या स्वतःच्या मनानं नकोत.

दम्याच्या मुलांचा पंप पाठीवरच्या पिशवीत नको, आतल्या खिशात ठेवा, गार पडला की नीट काम करत नाही. सर्दीनं कान दुखत असेल तर विमान आणि गोंडोलात त्रास होतो, निघण्याआधी दाखवून घ्या. ऊन कोवळं वाटलं तरी ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परतवतो. मुलांना चांगला गॉगल हवाच, आणि क्रीम हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. सगळे कपडे चढवण्याआधी शू करून घ्या. हे लिहायला लाजू नये, बर्फात त्यापायीच निम्मी रडारड होते.

संकेश्वरहून प्रश्न : सासूबाई पासष्टच्या, लेक पावणेदोन वर्षांची. थोरला सात वर्षांचा, त्याच्यासाठी गुलमर्ग मनात आहे. सगळ्यांनी जावं का?

बालरोगतज्ज्ञ : दोन वर्षांखालच्या बाळाला मी गुलमर्गला मुक्कामाला नेणार नाही. श्रीनगरला मुक्काम करा. थोरला आणि त्याचे पप्पा सकाळी वर जाऊन संध्याकाळी खाली येतील, तुम्ही, आज्जी आणि बाळ हॉटेलात. सासूबाईंना रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

टिळकवाडी : तसं करणार असाल तर सकाळी लवकर निघायला सांगा, टंगमर्गला वेळ जातो. आणि थोरल्याचे पाय आजच मोजून ठेवा, एका सेंटिमीटरनं वाढलेले असतात हो या वयात.