बालवाडी शिक्षिकांचे नवे निकष: अनुभवाचे काय?

प्रश्न: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार वय 3 ते 8 हा एकच पायाभूत टप्पा ठरला आहे. मी बारावी उत्तीर्ण असून डिचोलीतील खाजगी बालवाडीत 14 वर्षे शिकवत आहे. मला आता पदविका करावी लागेल का?

उत्तर 1: त्या धोरणात अंगणवाडी सेविकांसाठी बारावी किंवा अधिक शिक्षण असल्यास 6 महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी असल्यास 1 वर्षाची पदविका सुचवली आहे, तीही काम चालू ठेवून, दूरस्थ पद्धतीने. ही तरतूद खाजगी बालवाडीला आपोआप लागू होते असे मानू नका. संस्थेकडून लेखी खुलासा मागा.

उत्तर 2: बाई, प्रमाणपत्र जरूर घ्या, परंतु घरी कोंकणी बोलणारे मूल मराठी बडबडगीत ऐकताना कोठे अडते, हे ओळखण्याची तुमची नजर कोणत्या निकषात बसवणार? 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात घरच्या भाषेवर आणि निरीक्षणातून मूल्यमापनावर भर आहे, म्हणून प्रत्येक मुलाच्या नोंदी आजपासूनच ठेवा.

प्रश्नकर्ती: नोंदी आहेत, पण रोजनिशीत विखुरलेल्या. चतुर्थीच्या सुटीत त्या मुलांच्या नावांनुसार लावते.