विषय: उत्तर: उत्तर: शनिवारचा बालवर्ग: पाण्याचे टब आत की बाहेर?

प्रेषक: बालवर्गताई

नमस्कार मंडळी,
शनिवारी पुन्हा पाऊस आहे. मुलांना मागच्या वेळेसारखं दीड तास खुर्च्यांवर बसवून ठेवायला माझं मन घेत नाही, म्हणून "बुडतं की तरंगतं" हा खेळ हॉलमध्येच घेते आहे. टब माझ्याकडे आहेत. तुमच्याकडून हवेत जुने टॉवेल, अंथरायला निसरडं नसलेलं काहीतरी, आणि तीन-चार पालक. हे पालक टबाशेजारी बसणारे हवेत, दाराशी उभं राहून बोलत राहणारे नकोत.

वस्तू साध्याच आणा: बूच, दगड, लाकडी चमचा, किल्ली, डब्याचं झाकण, झाडाचं पान, स्पंज. स्पंज मुद्दाम लिहिलाय. तो आधी तरंगतो आणि पाणी पिऊन खाली जातो, तेव्हा मुलं जी तोंडं करतात ती बघण्यासारखी असतात. नाणी, मणी, गोट्या कृपा करून नकोत. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं, आणि आपल्या वर्गात धाकटी भावंडंही येऊन बसतात.

प्रेषक: हॉलकाका (सभागृह व्यवस्था)

ताई,
टब हॉलमध्ये नकोत. रंगकामाच्या शनिवारी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. जमीन लाकडी आहे, फळ्यांच्या सांध्यात पाणी मुरलं की फळी फुगते आणि फुगलेली फळी पुन्हा बसत नाही. शिवाय ओल्या पॉलिशवर मुलं घसरतात ते वेगळंच. हॉलचा करार माझ्या सहीने आहे, अनामत मंडळाची आहे, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे असं मी मानतो.
प्रोजेक्टर लावून देतो. मुलांच्या छान छान फिल्म आहेत, तासभर शांत बसतील.

प्रेषक: धाकटीची आई

काका, प्रोजेक्टर नको, मनापासून सांगते.
जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ३-४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी, आणि पडद्यासमोर बसणं १ तासाच्या आत असावं, जितकं कमी तितकं बरं, असं त्यात आहे. पावसाच्या दिवशी घरी आमचं पडद्याचं तेवढं आधीच होऊन जातं. शनिवारी मी तिला मंडळात आणते ती इतर मुलांबरोबर मराठी बोलावी, हात चालवावेत म्हणून. पडदा बघताना ती कोणाशीच बोलत नाही.

प्रेषक: हॉलकाका

प्रोजेक्टर हा फक्त पर्याय म्हणून सुचवला. गेल्या वर्षी त्यासाठी वर्गणी काढली होती आणि तो कपाटात पडून असतो, हेही लक्षात घ्यावं.

प्रेषक: जुळ्यांचे बाबा

मुळात आत का बसायचं? पाऊस बाहेर आहे तर मुलांना बाहेर न्या. रेनकोट, बूट आणि कपड्यांचा एक जादा जोड, बास. भिजल्याने सर्दी होते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण सर्दी विषाणूंमुळे होते. बंद खोलीत एकमेकांच्या तोंडासमोर शिंकणारी वीस मुलं मला जास्त काळजीची वाटतात. ओले कपडे मात्र लगेच बदलायचे, थंडीने कुडकुडणारं मूल काही शिकत नाही.
डबक्याभोवती खडूने रेघ मारायची. पाऊस थांबला की थोड्या थोड्या वेळाने पुन्हा रेघ. डबकं आत आत सरकतं आणि रेघांची चकरी तयार होते. पाणी गेलं कुठे, हा प्रश्न मुलंच विचारतात, आपण विचारावा लागत नाही. माझी दोघं त्यावर जेवणापर्यंत भांडत होती.

प्रेषक: धाकटीची आई

आणि विजा?

प्रेषक: जुळ्यांचे बाबा

विजा असतील तर अर्थातच नाही. नियम सोपा आहे: गडगडाट ऐकू आला की सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पाऊल नाही. नुसता गडगडाट असताना पोर्चमध्ये उभं राहिलेलं चालतं असं काही पालकांना वाटतं. चालत नाही. उघडा पोर्च, मांडव, झाडाखाली, यातलं काहीच विजेपासून सुरक्षित नाही. पक्की इमारत किंवा बंद गाडी हवी.
आतून मोजायला हरकत नाही. वीज चमकली की मोजायला सुरुवात, आवाज आला की थांबायचं. आवाज साधारण ३ सेकंदांत १ किलोमीटर येतो. चार वर्षांच्या मुलाला किलोमीटर कळत नाही, पण "मगाशी नऊपर्यंत गेलो, आता बारापर्यंत, म्हणजे ढग लांब चालला" एवढं कळतं आणि भीतीही कमी होते.

प्रेषक: ग्रंथालयकाकू

मोजण्याचं निघालंच आहे तर प्रत्येक घराने पर्जन्यमापक का लावू नये? बाटली कापायची, कागदाची पट्टी चिकटवायची, रोज रेघ रंगवायची. शनिवारी सगळ्या पट्ट्या भिंतीवर लावू. ग्रंथालयाच्या बाजूची भिंत देते, फक्त चिकटपट्टीने रंग निघणार नाही असं बघा.

प्रेषक: जुळ्यांचे बाबा

काकू, सरळ बाजूंचं, सपाट बुडाचं भांडं सांगा. निमुळत्या बाटलीत आकडा चुकतो. सरळ भांडं रुंद असो की अरुंद, पाण्याची उंची सारखीच येते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी.

प्रेषक: ग्रंथालयकाकू

रुंद भांड्यात आणि अरुंद भांड्यात उंची सारखी? मग पाणी रुंद भांड्यात जास्त झालं ना? मुलांना हे समजावणार कसं?

प्रेषक: आजी

समजावू नका. मी बालवाडीत शिकवत होते, म्हणून दोन शब्द लिहिते.
जाँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञांनी असंच काहीसं दाखवलं होतं. तेवढंच पाणी बुटक्या पेल्यातून उंच पेल्यात मुलासमोर ओतलं तरी साधारण सात वर्षांखालचं मूल म्हणतं, उंच पेल्यात जास्त आहे. डोळ्यांदेखत ओतलेलं असतं, तरीही. आपण "नाही रे, सारखंच आहे" म्हटलं तर ते मान डोलावतं आणि मनातलं मनातच ठेवतं. त्यापेक्षा ओतू द्यावं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, कंटाळा येईपर्यंत. तो कंटाळा लवकर येत नाही, हे मी खात्रीने सांगते.

आता टबाचं. हॉलकाकांचं म्हणणं रास्त आहे आणि ताईंचंही. मला वाटतं भांडण पाण्याचं नाही, पाण्याच्या मापाचं आहे. पाणी भरपूर असलं की मुलं उडवतात. वाटीभर असलं की ती ओततात, कारण सांडलं तर संपतं. टबांऐवजी उथळ ताटं घ्या, बोटाचं एक पेर बुडेल एवढंच पाणी घाला, प्रत्येकाला एक छोटा तांब्या आणि एक वाटी द्या. आणि शेजारी फडकं ठेवा, मुलाचं स्वतःचं. पुसणं हा धड्याचाच भाग आहे. मनगट पिळायला शिकतं, ते पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतं, आणि "माझं मी आवरलं" हा आनंद असतो तो निराळा. मोठी माणसं घाईने पोछा घेऊन धावतात आणि तो आनंद मुलाच्या हातून काढून घेतात.
बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर वाढवलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, पानं, शिंपले, काड्या हाती घेतल्या. जे मुलाच्या आसपास आहे तेच साधन. पावसाळ्यात पाणी आसपास आहे.
पाणी थोडं असलं तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपताक्षणी भांडी रिकामी करून पालथी घालायची.

प्रेषक: हॉलकाका

आजी, आपलं म्हणणं पटलं. पण वाटीभर पाणी वीस मुलांच्या हातात दिलं की बादलीभरच होतं. जमीन तीच आहे.

प्रेषक: नाटकवाले दादा

मागचा कोपरा शनिवारी आमचा आहे, हे आधीच कळवून ठेवतो. तालीम ठरलेली आहे, पडदे आणि पेट्या तिथेच आहेत, ओलं झालेलं चालणार नाही. बाकी काहीही करा.
एक सुचवतो. तालमीच्या आधी दहा मिनिटं मुलं आमच्याकडे द्या, पाऊस "वाजवून" घेतो. तळवे घासायचे म्हणजे वारा, एका बोटाने टिचकी म्हणजे पहिले थेंब, मग मांड्यांवर थापा, मग पाय. मी हात वर केला की एकदम शांतता. एक मूल चालक होतं, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं. स्वतःला थांबवणं या वयाला फार अवघड असतं, आणि खेळात ती मुलं ते करून दाखवतात. यात थेंबभरही पाणी लागत नाही, काका.

प्रेषक: मोठ्याची आई

मुलांना थेंब "पकडू" द्यायचे असतील तर एक जुना प्रयोग आहे. बर्फाच्या स्फटिकांचे फोटो काढणारे विल्सन बेंटली यांनी पावसाच्या थेंबांचं मोजमाप पिठाने केलं आणि १९०४ मध्ये ते छापलं. ताटात चाळलेल्या पिठाचा जाड थर द्यायचा, काही सेकंद पावसात धरायचं, आत आणायचं. थेंब पडतो तिथे पिठाची गोळी होते. वाळली की चाळून गोळ्या वेगळ्या काढायच्या आणि लहान ते मोठी अशी रांग लावायची. रिमझिमीच्या गोळ्या बारीक, सरीच्या मोठ्या. माझ्या लेकाने पावसाचं चित्र काढताना नेहमी टोकदार थेंब काढले होते. खरे लहान थेंब गोल असतात आणि मोठे खालून चपटे होतात.

प्रेषक: धाकटीची आई

पीठ नको हं. वर्गात एका मुलाला गव्हाची ॲलर्जी आहे, नोंदणीच्या वेळी त्याच्या आईने लिहून दिलं होतं. कच्चं पीठ तोंडात गेलेलंही चांगलं नाही, त्यात जंतू असू शकतात, आणि या वयात सगळं तोंडातच जातं.

प्रेषक: मोठ्याची आई

बरोबर आहे. मग गडद रंगाचा कोरडा कागद घेऊ. खिडकीबाहेर क्षणभर धरायचा, आत आणून प्रत्येक ओल्या ठिपक्याभोवती खडूने गोल काढायचा, वाळायच्या आत. घाई असते म्हणून मुलं अगदी लक्ष लावून काढतात. जाड कागद मी आणते.

प्रेषक: बालवर्गताई

सगळ्यांची पत्रं वाचली. असं करू या. हॉलचं दार आणि लाकडी जमीन यांच्यामध्ये जी फरशीची पट्टी आहे, चपला काढतो ती, तिथे आजींनी सांगितलं तशी उथळ ताटं मांडू. चपलांचे रॅक तेवढा वेळ बाहेर. एका वेळी चारच मुलं, बाकीची कागदांवर किंवा नाटकवाल्या दादांकडे. लाकडावर पाय ठेवण्याआधी प्रत्येक मुलाने पाय पुसायचे, तेही खेळात बसवते. गडगडाट नसेल तर जुळ्यांच्या बाबांनी शेवटची वीस मिनिटं डबक्याशी न्यावं, पण जादा कपडे आणलेल्यांनाच.
काकू, मापाचे डबे घरोघरी जरूर लावू, फक्त रोज रेघ रंगवून झाली की ओतून टाकायला सगळ्यांना सांगा. साचलेल्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात डास तयार होतात.
काका, ही जागा चालेल ना? तुमच्या होकाराशिवाय करणार नाही.

प्रेषक: हॉलकाका

फरशीची पट्टी चालेल. दाराशी वारा असला तर पाऊस आत येतो, तेव्हा दाराची एकच बाजू उघडी ठेवा. मी अर्धा तास आधी येतो. दोन जुन्या पोछ्यांचे दांडे मुलांच्या उंचीला कापून आणतो, टोकं घासून गुळगुळीत करतो. रॅक उचलायला एक माणूस लागेल.

प्रेषक: नाटकवाले दादा

रॅक मी उचलतो. पण मागच्या कोपऱ्यात ठेवायचे नाहीत.

प्रेषक: ग्रंथालयकाकू

ग्रंथालयाच्या दारासमोरही नाहीत.