दुखणं कायमचं झालंय, देवाची सोबत कशी होते? तुमचे अनुभव लिहा

पाऊलवाट
आज ओपीडीत नंबरची वाट बघत बसले होते. शेजारी एक मुलगी आईबरोबर आलेली, फाईल एकदम नवी, आत दोन-तीनच कागद. र्‍हुमॅटॉइड निघालाय तिला, सांधे सुजून आखडण्याचा आजार. मला म्हणाली, काकू, पूर्ण बरं व्हायला किती दिवस लागतात हो? मला बोलताच येईना. माझं नवीन होतं तेव्हा मीही एका बाईंना हेच विचारलं होतं आणि त्या नुसत्या माझा हात धरून बसल्या होत्या. घरी येईपर्यंत ते सगळं डोक्यात फिरत राहिलं म्हणून लिहितेय.

त्या दिवसांत सकाळी बोटं मिटायची नाहीत. तास-दीड तास तसाच जायचा, ब्रश धरता यायचा नाही, बटण लावायला मुलीला हाक मारायची. जप करायला बसले तर मणी अंगठ्याने पुढे सरकायचाच नाही, एकदा माळ हातातून पडली आणि वाकून उचलता येईना. तेव्हा मी देवाशी जी भांडलेय! म्हटलं एवढंही ठेवलं नाहीस का माझ्याकडे, तुझं नाव घ्यायलासुद्धा बोटं नाहीत? रडून रडून थकले, मग पडल्या पडल्याच श्वासाबरोबर नाव घ्यायला लागले, आत घेताना एकदा, सोडताना एकदा. मोजणं तेव्हापासून सुटलं ते सुटलंच.

आजार गेला नाही, औषधं चालू आहेत आणि चालूच राहणार. पण पहाटेचा जो तास मला खायला उठायचा त्यात मी आता एकटी नसते. मला त्यातून मिळालं ते एवढं, आणि मला ते पुरतं. तुम्ही कसं निभावता? देव, अल्ला, येशू, ध्यान, जे काही असेल ते लिहा. उपदेश नको, अनुभव हवेत.

अर्धविराम
डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. आधी त्या चार तासांत डोक्यात नुसते हिशोब, पैशाचे, पोरांच्या शिक्षणाचे, किती वर्षं उरली त्याचे. आता सुया लागेपर्यंत नाव घेतो, मग झोप आली तर झोपतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हातात शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात, त्यावर बोटं ठेवली की आतून घुर्रघुर्र जाणवतं. ते रोज तपासायचं असतं, लागलं नाही तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. मी डोळे उघडले की पहिला हात तिथे ठेवतो. लागलं की म्हणतो, आहेस. दुसरी प्रार्थना अजून जमलेली नाही मला.

दवबिंदू
"आहेस" वाचून काटा आला अंगावर दादा 🙏

एक_आई
मुलाला टाइप वन मधुमेह आहे. अनुभव लिहा म्हणालात म्हणून लिहिते पण आधी राग बाहेर पडू दे. नात्यातल्या एकांनी आम्हाला कुणाकडे तरी नेलं, ते म्हणाले श्रद्धा असेल तर इन्सुलिन बंद करा. अहो या पोरांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, बंद केलं की रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढतात आणि एक-दोन दिवसांत पोर आयसीयूत जातं. मी तिथून उठून आले, नातं तुटलं तर तुटू दे. १९२२ साली पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं, त्याआधी ही मुलं जगायची नाहीत. मी रोज फ्रिज उघडते, बाटली हातात घेते आणि मनातल्या मनात हात जोडते. माझ्यापुरता देव त्या बाटलीतून आलाय. रात्री तीनला शुगर बघायला उठते तेव्हा त्याच्या उशाशी बसून जे म्हणते ते माझं आणि देवाचं, इथे नाही लिहीत.

पाऊलवाट
एक_आई, बरं केलंत उठून आलात. हे मोठ्ठ्या अक्षरात लिहायला हवं कुठेतरी. स्टिरॉइडचंही तसंच आहे, बरेच दिवस चालू असेल तर मनाने एकदम बंद करायचं नसतं, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

चांदणवेल
अम्मीला पार्किन्सन्स आहे. आधी उभं राहून नमाज, मग खुर्चीवर, आता पलंगावर इशाऱ्याने पढते. सजदा, म्हणजे जमिनीला कपाळ टेकवणं, होत नाही याचं तिला फार वाईट वाटायचं. रोजांचं तर विचारूच नका, गोळ्यांच्या वेळा चुकल्या की अंग लाकडासारखं होतं त्यामुळे रोजे बंदच करावे लागले, ती पहिल्या दिवशी खूप रडली. मौलानासाहेबांनी समजावलं की आजाऱ्याला सूट खुद्द अल्लानेच दिलेली आहे, जो पुन्हा बरा होण्यासारखा नाही त्याने रोजाच्या बदल्यात गरिबाला जेवू घालावं. तेव्हापासून शांत झाली. तिच्या गोळ्याही दिवसातून पाच वेळा आहेत. म्हणते नमाज पाच, गोळ्या पाच, दोन्ही वेळेवर व्हायला पाहिजेत. आणि खरंच एकही चुकवत नाही.

भरदुपार
@चांदणवेल गोळ्यांच्या गजरासाठी कुठलं अ‍ॅप वापरता? बाबांसाठी हवंय, ते विसरतात

चांदणवेल
अ‍ॅप नाही हो, फोनमधलाच साधा गजर, पाच लावून ठेवलेत आणि प्रत्येकाला गोळीच्या रंगाचं नाव दिलंय. पांढरी, पिवळी असं. अम्मीला ते पटकन कळतं

भरदुपार
भारी आयडिया! आजच करते

जैतून
मला ल्युपस, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. गालावर पुरळ, थकवा इतका की केस विंचरताना हात खाली येतो. बाहेरून काही दिसत नाही म्हणून लोकांना खरंच वाटत नाही. प्रार्थनेच्या गटात एका बाईंनी सगळ्यांसमोर मला म्हटलं की तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून बरी होत नाहीस. ते मला आजारापेक्षा जास्त लागलं. कित्येक महिने गेलेच नाही. मग फादरांनी घरी येऊन विचारलं, संत पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो गेला नाही, तर काय त्याचा विश्वास कमी होता? त्याला उत्तर मिळालं ते कृपा पुरेशी आहे असं, काटा काढतो असं नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी झाले. आता बरं कर असं मागत नाही, आजचा दिवस माझ्याबरोबर राहा एवढंच मागते.

शेवंती_७
आम्हाला "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार" ऐकवतात. सासूबाईंच्या मैत्रिणी येऊन चहा पिता पिता सांगून जातात

एक_आई
शेवंती, अशांना दारातूनच परत पाठव बाई. आणि तू खरंच त्यावर विचार करत बसू नकोस हं. तुझा काही दोष नाही.

रानवाट
मायग्रेन चालेल का इथे? काही दिवस अंधाऱ्या खोलीतच जातात माझे. मी देवपूजेतला नाही, विपश्यना करतो. विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी स्वतः भयंकर मायग्रेनवर उपाय शोधत ब्रह्मदेशात त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते, आणि नुसत्या डोकेदुखीसाठी येणार असाल तर नको असं त्यांना सांगण्यात आलं होतं. १९५५ ला पहिलं शिबिर केलं त्यांनी. मला ही गोष्ट फार आवडते, कारण मीही डोकेदुखीसाठीच गेलो होतो. माझं दुखणं थांबलेलं नाही, गोळी घेतोच. पण आधी दुखायला लागायच्या आधीच मी घाबरून अर्धा मेलेला असायचो, ते कमी झालंय. दुखतंय ते दुखतंय, त्याच्यावर भीतीचा थर चढत नाही. ही श्रद्धा की सराव मला सांगता येणार नाही, पण रोज बसतो.

मोगरा
ताई @पाऊलवाट तुम्ही सांध्यांसाठी मेथोट्रेक्झेट घेता का, मला चालू केलीय, गोळीच्या दुसऱ्या दिवशी इतकं मळमळतं की उठवत नाही. विषयांतराबद्दल सॉरी

पाऊलवाट
सॉरी कशाला ग. मला रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितलीय म्हणजे मळमळीचा बराचसा वेळ झोपेत जातो, आणि फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. तू तुझ्या डॉक्टरांना स्पष्ट सांग, त्यावर उपाय असतात, इंजेक्शनमधूनही देतात. आणि ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर फार धोका. पाकिटावर वार लिहून ठेव.

मोगरा
लिहिलाय वार 🙂 थँक्यू ताई, फार बरं वाटलं

सांजसावली
माझं फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखणं. एक विचारायचं होतं, ज्या दिवशी श्रद्धाबिद्धा काहीच वाटत नाही, भिंतीकडे बघत पडून राहावंसं वाटतं, तेव्हा तुम्ही काय करता? मी मैत्रिणीला मेसेज टाकते "आज तू म्हण". बस एवढंच. ती माझ्या वाटची प्रार्थना म्हणते आणि संध्याकाळी लिहिते "झालं". काही विचारत नाही, समजावत नाही. तिच्यामुळे माझं टिकून आहे असं मला वाटतं, माझ्या एकटीच्या जिवावर नाही.

अर्धविराम
सांजसावली, ज्या दिवशी डायलिसिसमध्ये बीपी पडतं आणि पाय वळतात त्या दिवशी माझंही काही होत नाही. बायको बाहेरच्या बाकावर बसून म्हणत असते, मला माहीत असतं. तेवढं पुरतं.

नुसतावाचक
कधी लिहीत नाही, आज लिहितो. मी देव मानत नाही. बायको मानते. तिला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि नसांचा आजार) आहे, मधे डोळ्याची नस सुजली आणि एका डोळ्याने दिसेनासं झालं, औषधांनी बरंचसं परत आलं पण बारीक अक्षर वाचताना त्रास होतो. तिची पोथी रोज मी वाचतो. सुरुवातीला उच्चार चुकायचे, ती डोळे मिटूनच दुरुस्त करायची. आता माझंच अर्धं पाठ झालंय. मला विश्वास आहे की नाही ते ती विचारत नाही आणि मीही सांगत नाही. पण ऐकताना तिच्या कपाळावरची आठी सुटते ती मी रोज बघतो आणि त्यासाठी मी काहीही वाचेन.

दवबिंदू
नुसतावाचक, तुम्ही लिहीत जा हो. रडवलंत.

शेवंती_७
दादा तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा ना, तुम्ही कामावर असताना त्यांना ऐकता येईल

नुसतावाचक
हे सुचलंच नव्हतं. फोनवर लांब रेकॉर्डिंग मधेच तुटतं का? दीड तास लागतो पूर्ण वाचायला.

भरदुपार
अध्यायाप्रमाणे तुकडे करा, आणि रेकॉर्ड करताना फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर कॉल आला की थांबतं. मी बाबांसाठी असंच केलंय.