आईच्या डोळ्याची डीसीआर (अश्रूंना नवीन वाट करण्याचं ऑपरेशन) : बाहेरून की नाकातून दुर्बिणीने?

निळीशाई:
आई ६४ वर्षांची आहे. दोन वर्षं उजव्या डोळ्यातून पाणी येतंय. आधी वाटलं वारं लागतं, मग वाटलं नंबर वाढला. तीनदा वेगवेगळे थेंब मिळाले, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. परवा मोतीबिंदूसाठी दाखवायला नेलं. डॉक्टरांनी नाकाशेजारच्या कोपऱ्यात बोटाने दाबलं आणि खालच्या पापणीच्या कडेला असलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून घट्ट पिवळा पू वर आला. मी बघतच राहिले. दोन वर्षांत तिथे कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. सिरिंजिंग केलं, म्हणजे पिचकारीने पाणी सोडून वाट तपासली, तेव्हा खालच्या भोकातून सोडलेलं पाणी घशात न उतरता वरच्या पापणीच्या भोकातून परत आलं. अश्रुनलिका बंद आहे, आधी डीसीआर आणि मग मोतीबिंदू, असं सांगितलंय.

आईला आता वाचायलाही जमत नाही, म्हणून तिला मोतीबिंदू आधी उरकायचाय. तसं करता येईल का? आणि डीसीआर बाहेरून करावी की नाकातून? ज्यांनी करून घेतली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानवारा:
मोतीबिंदू आधी अजिबात नको. मी नेत्रविभागात परिचारिका आहे, म्हणून इतकं ठामपणे लिहितेय. नाकाशेजारच्या अश्रूंच्या पिशवीत पू असताना ऑपरेशनसाठी डोळा उघडला तर जंतू थेट आत जातात, आणि तो संसर्ग नजरच घेऊन जाऊ शकतो. आईंना हे सांगा, त्या ऐकतील.

आता ऑपरेशनबद्दल. अश्रू दोन बारीक भोकांतून नाकाशेजारच्या पिशवीत येतात आणि तिथून नलिकेने नाकात उतरतात. आईंची ही खालची नलिका बुजली आहे. डीसीआरमध्ये ती साफ करत नाहीत, तिला तशीच सोडतात. पिशवी आणि नाक यांच्यामधल्या हाडाला खिडकी पाडून नवीन वाट करतात. बाहेरून करायची पद्धत टोटी या इटालियन डॉक्टरांनी १९०४ मध्ये मांडली. दुर्बिणीची पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. अनुभवी हातात दोन्हींचं यश साधारण ९० टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणून पद्धतीपेक्षा ते डॉक्टर कोणती पद्धत नेहमी करतात, हे आधी विचारा.

दुर्बिणीने केलं तर चेहऱ्यावर व्रण राहत नाही. पण आधी नाक तपासून घ्या. नाकाचा पडदा वाकडा असेल तर वाट अरुंद असते, मग तोही सरळ करावा लागू शकतो. बाहेरून केलं तर छोटा व्रण राहतो, तो त्या वयाच्या सुरकुत्यांत बहुधा मिसळून जातो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. त्या स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारूनच. बीपीही आटोक्यात हवं, या भागातून रक्त बरंच येतं.

उंबरठा:
माझी दोन वर्षांपूर्वी झाली, बाहेरून. आमच्या आजीकडे याला लासरू म्हणायचे. भुलेची मला भीती होती. माझं जागा बधिर करून आणि गुंगीचं औषध देऊन झालं. दुखलं नाही. हाडाशी काम चालल्याचा आवाज मात्र ऐकू येतो. तो आईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दचकणार नाहीत.

पहिले दोन दिवस नाकातून थोडं रक्त झिरपत होतं. थोडं चालतं, पण घोळणा फुटल्यासारखं वाहिलं तर लगेच दवाखाना गाठायचा. दोन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून शिंका. गरम चहासुद्धा मी दोन दिवस टाळला. टाके आठवड्याने निघाले.

माझ्या वाटेत सिलिकॉनची बारीक नळी ठेवली होती. सगळ्यांना ठेवत नाहीत. डोळ्याच्या कोपऱ्यात दोन भोकांमध्ये तिचा दोऱ्याएवढा फास दिसायचा. झोपेत डोळा चोळला आणि एकदा तो फास गालावर आला. ओढू नका, कापू नका. मी गालाला चिकटपट्टीने चिकटवून डॉक्टरांकडे गेले, त्यांनी मिनिटभरात बसवला. तीन महिन्यांनी नळी काढली.

सावली:
मध्येच विचारते. बहिणीचं बाळ चार महिन्यांचं आहे, त्याचाही डोळा सारखा चिकटतो. त्यालाही ऑपरेशन लागेल का?

रानवारा:
सावली, बाळाचं वेगळं असतं. नलिकेच्या नाकाकडच्या टोकाला पातळ पडदा राहिलेला असतो, आणि बहुतेक मुलांचा तो वर्षभरात आपोआप उघडतो. तोवर कोपऱ्यातून खाली नाकाच्या दिशेने मालीश करायची. ती एकदा डॉक्टरांकडून हाताने दाखवून घ्या, नुसतं गोंजारून उपयोग नाही. वर्षानंतरही राहिलं तर प्रोबिंग करतात, म्हणजे बारीक सळईने तो पडदा उघडतात. कोपऱ्यात लाल सूज आली, ताप आला किंवा बाळ उजेडाला डोळे मिटू लागलं, तर मात्र वाट पाहू नका.

निळीशाई, हे आईंनाही लागू आहे. कोपरा लाल होऊन ठणकला तर दाबून पू काढायला जाऊ नका. आधी प्रतिजैविकं देऊन सूज उतरवतात, मग ऑपरेशन.

निळीशाई:
तुम्हा दोघींचे मनापासून आभार. तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. नजर जाऊ शकते हे ऐकल्यावर तिने मोतीबिंदूचा हट्ट सोडला. नाकाची तपासणी गुरुवारी आहे. बीपीच्या गोळ्यांसोबत तिची अ‍ॅस्पिरिनही चालू आहे, ती सांगायची राहिली होती. आज डॉक्टरांना फोन करून सांगितलं.

उंबरठा:
बरं केलंत. आणखी एक. नळी निघाल्यावर मी डोळ्यात थेंब घातला, तर क्षणभराने घशात कडू चव आली. नलिका बंद होती तेव्हा ती कधीच येत नव्हती, म्हणजे नवी वाट मोकळी आहे. आईंना आली की इथे नक्की कळवा.