मदत हवी आहे: सोलापुरात राहून टेक्स्टाइल डिझाइनमधल्या ऑनलाइन ओळखी कशा वाढवाव्यात?

नमस्कार.

यंदा टेक्स्टाइल डिझाइनची पदवी घेतल्यापासून मी सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात जकार्डचे (म्हणजे विणतानाच कापडात नक्षी उमटवणाऱ्या मागाचे) नमुने काढण्याची नोकरी करते आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल (पृष्ठभागावर सुताचे लूप असलेला) या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे शिकण्यासारखे इथे भरपूर आहे. मात्र इथल्या संधी ओळखीतून मिळतात आणि ती ओळख बहुधा घरची असते. शहराच्या पूर्व भागात ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माग आहेत, त्यांच्या मुलांना कोण नवा माल काढतो आहे हे घरबसल्या कळते. माझ्या घरी या धंद्यात कोणीच नाही. पुण्या-मुंबईच्या डिझाइन स्टुडिओंपर्यंत आणि होम फर्निशिंगच्या कंपन्यांपर्यंत पोहोचायचे तर लिंक्डइन, बिहान्स (डिझाइनचे काम मांडण्याची वेबसाइट) आणि इन्स्टाग्राम हाच मार्ग मला दिसतो. त्या मार्गावरच्या काही अडचणींबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सर्वांत मोठी अडचण म्हणजे दाखवायचे काय. माझे चांगले काम कारखान्यासाठी केलेले आहे, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची असते. म्हणून ते नमुने मी परवानगीशिवाय कुठेही टाकत नाही आणि टाकणारही नाही. घरी स्वतःसाठी केलेल्या नमुन्यांचे कोडे मात्र सुटत नाही. २०००च्या डिझाइन कायद्यानुसार नोंदणीचा अर्ज करण्याआधीच नमुना प्रसिद्ध झाला, तर एरवी त्याची नोंदणी होत नाही. दुसरीकडे, नोंदणीयोग्य असूनही न नोंदवलेल्या नमुन्याच्या वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर ५०हून अधिक काढल्या गेल्या, की त्यावरचा कॉपीराइटही संपतो. प्रत्येक नमुना नोंदवणे नवख्या मुलीला परवडणारे नाही, आणि सगळेच झाकून ठेवले तर ओळख व्हायची कशी?

माझे मत असे झाले आहे की, पूर्ण रिपीट (कापडावर पुन्हा पुन्हा येणारा नमुन्याचा पूर्ण भाग) न दाखवता कामाची रीत दाखवावी. उदाहरणार्थ, मोराचा एक नमुना मी सध्या बिहान्ससाठी मांडते आहे. कागदावर पिसाऱ्याची रेघ कितीही नाजूक काढली, तरी विणकामासाठी आखलेल्या ग्राफच्या चौकटींत ती पायऱ्यापायऱ्यांची होते आणि टेरीचे लूप उभे राहिले की दोन रेघांमधली बारीक जागा बुजून जाते. म्हणून पिसांची संख्या कमी करून प्रत्येक डोळा मोठा करावा लागला. शिवाय दोन रंगांच्या जकार्ड टॉवेलमध्ये पुढच्या बाजूला मरून रंगाच्या जमिनीवर (म्हणजे पार्श्वभूमीवर) पांढरा मोर असेल, तर मागच्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर मरून रंगाचा मोर उमटतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा विचार एकदमच करावा लागतो. मूळ रेखाटन, ग्राफचा एक तुकडा आणि विणलेल्या कापडाच्या दोन्ही बाजूंचे जवळून घेतलेले फोटो, एवढेच देण्याचा विचार आहे. निवड करणाऱ्याला एवढ्यावरून काम कळते का, की पूर्ण नमुना पाहिल्याशिवाय तो पुढे जातच नाही?

दुसरा प्रश्न अनोळखी व्यक्तीला पाठवायच्या पहिल्या निरोपाचा आहे. ‘मला नोकरी हवी आहे’ असे थेट लिहिणे मला बरे वाटत नाही. ज्याने आपल्याला कधी पाहिलेले नाही, त्याच्यावर तो भार टाकल्यासारखे होते. सध्या मी असा मजकूर तयार केला आहे: ‘नमस्कार. मी सोलापुरात टॉवेलसाठी जकार्ड नमुने काढते. आपल्या नव्या बेडकव्हरांमध्ये काठ आणि मधली जमीन वेगवेगळ्या विणीत घेतलेली पाहिली. टेरीमध्ये तसे करताना काठ आकसतो. आपण तो कसा सांभाळता, हे सवडीने सांगितलेत तर आभारी राहीन.’ असा नेमका प्रश्न विचारणे योग्य आहे, की त्यात धंद्याचे गुपित विचारल्यासारखे वाटेल? आणि उत्तर आले नाही, तर किती दिवसांनी पुन्हा लिहावे?

तिसरी गोष्ट थोडक्यात. एका कंपनीने निवडीसाठी म्हणून माझ्याकडून मोफत नमुने मागून घेतले आणि पुढे काहीच कळवले नाही. असे काम द्यायचेच झाले, तर फाइल कमी रिझोल्यूशनची देणे आणि वापराची अट ईमेलमध्ये लिहून ठेवणे पुरेसे आहे का?

इन्स्टाग्रामवर रोज काहीतरी टाकत राहण्यापेक्षा मोजकी पण या क्षेत्रातली माणसे जोडावीत, असे मला मनापासून वाटते. तरीही माझा अंदाज चुकत असेल तर स्पष्ट सांगावे. विशेषतः ज्यांनी स्वतः नव्या पदवीधरांना ऑनलाइन काम पाहून बोलावले आहे, त्यांनी कृपया लिहावे की आधी त्यांचे लक्ष कशाकडे गेले, कामाकडे की निरोपाकडे, आणि सोलापूरसारख्या ठिकाणाहून काम करणाऱ्या मुलीला ते घरूनच काम देतात, की पुण्याला येऊन राहण्याची अट घालतात.